पहिल्या कडक थरावर

९ फेब्रुवारी

दादा,

मुख्य कचेरीमार्फत तुझी विचारणा पोहोचली. सही धरणावरच्या तुझ्या सहायकाची होती, पण ‘अंदाज नको, आकडा हवा’ हे वाक्य तुझं आहे. म्हणून उत्तर तुला लिहिते. तीन वर्षांत आपण बोललो नाही, हे कामाच्या आड येऊ नये.

यंदा बर्फ कमी भरतो, हे खरं. हिमनदीवरच्या रेषेत ठरलेल्या प्रत्येक जागी आम्ही सळई खुपसली. तुझ्या परिपत्रकात लिहिल्याप्रमाणे पहिल्या कडक थरावर थांबलो. सरासरी पावणेदोन मीटर. उपग्रहाच्या चित्रात सगळं खोरं पांढरं दिसतं, मग आकडा एवढा कमी कसा, असं तुझ्या सहायकाने विचारलं आहे. त्याला सांग, वरून पाहणाऱ्याला पांढरं कुठवर पसरलंय ते दिसतं, किती खोल आहे ते दिसत नाही. ते खाली उभं राहून, हाताने मोजावं लागतं. आम्हाला इथे त्यासाठीच ठेवलं आहे.

डिसेंबरात इथे बर्फावर पाऊस पडला होता आणि मग सगळं गोठलं. ती नोंद तेव्हाच पाठवली आहे.

इथे माझ्याबरोबर एक मिस्त्री असतो. जनरेटर, वायरलेस आणि सळईचं दुसरं टोक, सगळं त्याच्याकडे. त्याचं घर तुझ्या धरणाखालच्या आळीत आहे. तो म्हणतो, यंदा सळईचा आवाज वेगळा येतो. ‘ताई, तळाला लागली की सळई ठक्क करते. यंदा टण्ण करते.’ मी त्याला म्हटलं, तक्त्यात आवाजाचा रकाना नाही.

वायरलेसवर सगळं खोरं कान लावून बसलेलं असतं, म्हणून हे पत्र तारेवरून खाली जाणाऱ्या मालाच्या पाळण्यातून पाठवते आहे. उत्तराची गरज नाही.

— मोजणी प्रमुख, वरचं केंद्र

२३ फेब्रुवारी

दादा,

हे तू विचारलेलं नाही, तरी कळवते.

शरद ऋतूत हिमनदीत भोकं पाडून आम्ही दांडे रोवतो, हे तुला सांगायला नको. या रेषेतले पहिले दांडे तूच रोवले होतेस. रोवताना चौथा दांडा साडेतीन मीटर बाहेर होता. पावणेदोन मीटर बर्फ पडला असेल, तर दांडा अजून पुरुषभर उंच दिसायला हवा. तो हातभर दिसतो.

बाकीचे दिसतच नाहीत. वाऱ्याने पाडले असतील, असं मी मागच्या महिन्याच्या अहवालात लिहिलं होतं. मिस्त्रीने काल विचारलं, ‘ताई, वारा एवढा शहाणा कधीपासून झाला? सगळे पाडले आणि एक साक्षीला ठेवला.’

मी फक्त कळवते आहे. निष्कर्ष काढत नाही.

सोमवारी पाळण्यातून भाज्या आणि डिझेल आलं. दांड्याची उंची मी तक्त्यात कळवली होती, त्यावर मालाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे तुझं अक्षर होतं. ‘दांडे खचतात. नियम पाळा.’ ‘पाळा’ हे मला उद्देशून होतं की आम्हा दोघांना, ते कळलं नाही. तू मला अहो-जाहो करत असशील, तर मीही करीन. सवय लागेपर्यंत दादाच म्हणते.

दांडे खचतात, मान्य. पण खचला तर वरच्या बाजूला टेकलेल्या बर्फात भेग दिसते, दांडा कलतो. हा सरळ उभा आहे.

६ मार्च

दादा,

मी खड्डा खणला.

परवानगी मागितली नाही. खालच्या टप्प्यावर, चौथ्या दांड्याशेजारी. मिस्त्री आणि मी आळीपाळीने फावडं मारत होतो. पावणेदोन मीटरवर काचेसारखा थर लागला. नियमाप्रमाणे आमचं काम तिथे संपत होतं. त्या थराला मी हातमोजा काढून हात लावला. तो स्वच्छ होता, दादा. धुळीचा कणही नाही. मागच्या उन्हाळ्याचा तळ मळका असतो. चार महिने उघडा पडलेला असतो तो, वाऱ्याने माती आणून टाकलेली असते. हा थर डिसेंबरातल्या पावसाचा आहे.

थर फोडला. खाली पुन्हा बर्फ, मऊ, यंदाचाच. आणखी सव्वा मीटर खाली मळकी रेघ लागली. भिंतीवर ओल्या काडीने ओढावी तशी, खड्ड्याच्या चारही बाजूंना.

म्हणजे तीन मीटर. दांडा खरं बोलत होता.

आता जे सांगायचं ते सांगते. त्या वर्षी माझं काय चुकलं, ते तुला पाठ आहे. उन्हाळाभर बर्फ पडत राहिला, धूळ बसली नाही, सळई मागच्या वर्षीच्या तळातून आरपार गेली आणि दोन वर्षांचा बर्फ मी एका वर्षाचा म्हणून कळवला. त्या पाण्याला जागा करायची म्हणून तू धरण रिकामं केलंस. पाणी आलं नाही. नंतर तू नियम काढलास, पहिल्या कडक थरावर थांबायचं. त्या वर्षापुरता तो नियम बरोबर होता. यंदा पावसाने आपल्याला मध्येच एक खोटा तळ घालून दिला आहे, आणि हिवाळाभर आम्ही त्यावर सळई आपटून परत येतो आहोत. मिस्त्रीला मी हे समजावलं तर तो म्हणाला, ‘दुधाने तोंड भाजलं म्हणून ताक फुंकून पितात, इथवर ठीक. तुमचे भाऊ तर रिकामं भांडंच फुंकत बसलेत.’

तुझं भांडं रिकामं नाही. धरण काठोकाठ आहे, हे वायरलेसवर रोज ऐकते. माझ्या कमी आकड्याच्या भरवशावर तू ते भरून ठेवलं आहेस. महिनाअखेरीस हवामान खात्याने उबदार पाऊस सांगितला आहे. एवढ्या बर्फावर तसा पाऊस पडला, तर जे खाली येईल त्याला तुझ्याकडे जागा नाही. धरणाखाली पहिली येते ती आळीच.

रीतसर दुरुस्ती पाठवली, तर मुख्य कचेरी समिती नेमेल. समिती बसेपर्यंत बर्फ उठून गेलेला असेल. तुझ्या एकट्याच्या सहीने दोन दरवाजे उघडता येतात. ते उघड.

आणखी एक. जानेवारीत एकदा माझ्या हातून सळई त्या थरातून खाली गेली होती. खाली मऊ लागलं. मी ती उपसली आणि वरचाच आकडा लिहिला. नियम तुझा होता. तो चुकावा असं मला तेव्हा वाटत होतं की नाही, हे विचारू नकोस.

पत्र लिहिताना मिस्त्री समोर बसून चहा पीत होता. म्हणाला, ‘तुम्हा भावाबहिणीच्या अबोल्यात माझं घर वाहून जाईल, ताई.’ विनोद करायच्या आवाजात म्हणाला, पण उरलेला चहा ओतून दिला.

११ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. तीन वर्षांचं सगळं एकदम आलं असावं.

बादल्यांचं मला माहीत नव्हतं. लोक दारात येऊन बोलून गेले, एवढंच आईने फोनवर सांगितलं होतं. रोज सकाळी दार उघडावं तर उंबऱ्याबाहेर रिकाम्या बादल्यांची उतरंड रचलेली, आणि वहिनीने त्या एक एक करून बाजूला लावायच्या, हे आई बोलली नाही. तुझ्या मुलीला शाळेत ‘कोरडी’ म्हणत, हेही नाही. तू लिहितोस, ‘त्या उन्हाळ्यात माझ्याकडे एकच उत्तर होतं, की आकडा माझ्या बहिणीचा आहे. ते मी एकदाही दिलं नाही.’ हे मी दोनदा वाचलं. मग पत्र घडी करून ठेवलं आणि बाहेर जाऊन थर्मामीटर वाचला. शून्याच्या वर होता.

पुढे तू लिहितोस, एका खड्ड्यावर खोरं ठरत नाही. बरोबर आहे. मीही तेच म्हटलं असतं. खालच्या टप्प्यावर वारा बर्फ आणून टाकतो, हेही बरोबर. खरा साठा कड्यांनी वेढलेल्या वरच्या वाडग्यात असतो, तिथे खणून वजन पाठव, मग सही करीन, असं तू म्हणतोस.

वाडग्याच्या डोक्यावरचा उतार तुला माहीत आहे. त्या उताराखाली तू स्वतः दांडा रोवायला गेला होतास आणि बर्फ खचल्याचा आवाज ऐकून फावडं तिथेच टाकून धावत सुटला होतास. घरी येऊन ती गोष्ट हसत सांगितलीस, आणि आई हसली नव्हती. यंदा त्या उतारावर काचेसारखा थर आहे आणि त्याच्यावर पावणेदोन मीटर ओझं. घसरायला याहून चांगली सोय करता येत नाही.

म्हणून विचारते. हे तुला आठवत होतं ना, मागणी लिहिताना? मी नाही म्हणावं आणि प्रश्न मिटावा, म्हणून मागितलंस का? की जाईन याची खात्री होती म्हणून?

उत्तर यायला वेळ नाही. पाळणा तीन दिवसांनी पुन्हा खाली जाईल.

१३ मार्च

दादा,

उद्या पहाटे जाते. रात्री आकाश मोकळं राहिलं तर उतार गोठलेला असेल, ऊन लागेपर्यंत वेळ मिळेल.

मिस्त्रीशी भांडण झालं. तो म्हणतो, मी खणतो, तुम्ही कड्यावर उभ्या राहा. मी म्हटलं, मळकी रेघ ओळखणं माझं काम आहे. तो म्हणाला, ‘मळ ओळखायला बायकोने वीस वर्षं शिकवलंय मला.’ शेवटी ठरलं, तो कड्यावर शिटी घेऊन उभा राहील. वर काही हललं तर एक लांब शिटी. शिटी ऐकल्यावर मी जागा सोडायची, हातातलं सगळं टाकून. याची त्याने माझ्याकडून शपथ घेतली. मी घेतली.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिच्या गुडघ्याचं औषध मी मागच्या खेपेला खाली पाठवलं होतं, ते सहायकाच्या टेबलावर पडून नाही ना, तेवढं बघ.

लहानपणी मी घरभर पट्टी घेऊन फिरायचे, खाटेचा पाय मोज, मांजराचं शेपूट मोज. तेव्हा तू मला फुटपट्टी म्हणायचास. एकदा तुझ्या मित्रांसमोर म्हणालास, ‘हिला विचारा, ही चुकत नाही.’ तुला आठवत नसेल. त्या वाक्यावर मी बराच काळ काढला.

पाळणा सकाळी जाईल. मी परतण्याआधी.

१५ मार्च

दादा,

झालं. आकडा तू ऐकलाच असशील. बाकीचं हे.

वाडग्यात बर्फ कडक होता, पायाखाली वाजत होता. खड्डा माझ्या डोक्याइतका खोल गेला तेव्हा काचेचा थर लागला. तो फोडून खाली गेले. मळकी रेघ लागली तेव्हा डोक्यावर आणखी दीड मीटर भिंत होती. तू तिथे उभा असतास, तर वरून तुझे केसही दिसले नसते. मला मिस्त्री दिसत नव्हता, फक्त आकाशाचा चौकोन.

मग तो आवाज झाला. तू ऐकला आहेस. शेजारच्या खोलीत कुणीतरी गादी टाकावी तसा, मऊ आणि मोठा. पूर्ण वाडगा बोटभर खाली बसला. खड्ड्याची भिंत कपाळापासून पायापर्यंत तडकली.

शिटी वाजली. लांब.

वजनाचं नळकांडं शेवटच्या थरात रुतलेलं होतं. ते घेतल्याशिवाय खोली कळली असती, पाणी कळलं नसतं. किती मीटर बर्फ हे विचारून तू सही करणार नाहीस, त्यात किती पाणी हे विचारशील. मी नळकांडं काढलं. ते काढेपर्यंत शिटी थांबली नाही. मध्ये श्वास घ्यायला थांबायची तेव्हा मिस्त्रीच्या शिव्या ऐकू यायच्या.

बाहेर पडले, कड्यापर्यंत आले. उतार सुटला नाही. आज संध्याकाळपर्यंत सुटलेला नाही. तो तसाच बसला आहे. मिस्त्री माझ्याशी बोलत नाही. शपथ मोडल्याचा राग आहे. जेवताना एवढंच म्हणाला, ‘तुमच्या घरात सगळेच असे का?’

मग वायरलेसवर मी आकडा दिला, सगळ्या खोऱ्याच्या कानांवर. सांगितलं की हिवाळ्यातले आधीचे सगळे आकडे कमी आहेत, सळई खोट्या तळावर थांबत होती, बर्फात कळवलं त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी आहे. सांगितलं की थांबण्याचा नियम मी पाळला आणि तो चुकतो आहे हे मला जानेवारीत कळायला हवं होतं. नियम कुणाचा, हे सांगितलं नाही. मुख्य कचेरी म्हणाली, चौकशी होईल. मी म्हटलं, जरूर.

धरणाच्या केंद्राला आकडा मिळाला का, असं दोनदा विचारलं. नुसता बटण दाबल्याचा आणि सोडल्याचा आवाज आला. तो तू होतास, असं मी धरून चालते.

२० मार्च

दादा,

आमच्या केंद्राच्या खिडकीतून तुझ्या जलाशयाचं वरचं टोक दिसतं. खालून कधी लक्षात आलं नसेल तुझ्या.

आकडा दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी जिथे होतं तिथेच. तिसऱ्या दिवशीही. पाळणा वाऱ्यामुळे बंद. मिस्त्री दुर्बीण घेऊन खिडकीत बसून होता. काही दिसलं का विचारलं, की म्हणायचा, ‘तुमच्या भावाचा मान दिसतोय, काठोकाठ.’

काल सकाळी त्याने हाक मारली नाही. नुसती दुर्बीण माझ्या हातात दिली. काठाला ओली पट्टी होती. बारीक, काळी, सगळ्या वळणांबरोबर वळणारी. आज ती रुंद आहे.

मिस्त्री म्हणाला, ‘साहेबांनी सही केली,’ आणि जनरेटर बघायला गेला. जनरेटर बंद होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मी पट्टीकडे बराच वेळ पाहिलं. मग एक गोष्ट लक्षात आली. आता माझा आकडा चुकला, तर दुसरा कोरडा उन्हाळा. यावेळी तो माझा आकडा आहे, हे सगळ्या खोऱ्याने ऐकलं आहे, आणि तरी दार तुझंच ठोठावतील.

२५ मार्च

दादा,

वहिनीचं पत्र आलं. आकाश निळं आहे, नदी भरून वाहते आहे, आणि लोक पुलावर उभे राहून आपलं उन्हाळ्याचं पाणी जाताना बघतात, असं तिने लिहिलं आहे. बादल्या पुन्हा आल्या. यावेळी ती त्या बाजूला लावत नाही, त्यांच्यावरून ओलांडून जाते. तू नीट जेवत नाहीस. आईने विचारलं, कुणाचं ऐकून उघडलेस दरवाजे, तर तू म्हणालास, मोजून उघडले.

हवामान खात्याने पाऊस दोन दिवस पुढे ढकलला आहे. मुख्य कचेरीने तुला दरवाजे मिटायला सांगितलं, हे वायरलेसवर ऐकलं. तुझं उत्तरही ऐकलं. ‘लेखी पाठवा.’ मिस्त्रीने टेबलावर थाप मारली. सही हवी म्हणून अडवणाऱ्यांना सहीनेच अडवायचं, हे तू धरणावर शिकलास की घरी?

इथे पाऊस नाही. रोज बर्फात सळई घालते. तीन मीटर. पुन्हा घालते. तेवढंच. कोणत्याही क्षणी कमी भरेल, अशी भीती वाटते. ती काही आकड्याची भीती नाही.

२८ मार्च

दादा,

पाळण्यातून तू पाठवलेली वस्तू पोहोचली. पत्र नाही, भाजी नाही, एक रिकामी बादली. कडीला लाल दोर. आत चिठ्ठी: ‘फुटपट्टी, यात मोज.’

मिस्त्रीने बादली फिरवून पाहिली आणि खाली बसला. ‘ही आमचीच,’ म्हणाला. ‘हा दोर मी बांधलाय.’ त्याची बायको दोन्ही वेळा तुझ्या दारात बादली ठेवून आली होती तर. तो म्हणाला, तिला बोलू नका. मी म्हटलं, पाणी गेलं की बादली ठेवायचीच, तिचं काय चुकलं.

काल दुपारी ढग आले. पहाटेपासून पाऊस पडतो आहे, उबदार, सरळ. वाडग्याचा उतार सकाळी सुटला, मी खणलेला खड्डा त्याच्याखाली गेला. हिमनदीच्या अंगाखालून पाणी वाहताना ऐकू येतं. काठाची काळी पट्टी दुपारपर्यंत निम्मी बुडाली; तू मोकळी ठेवलेली जागा भरते आहे.

मिस्त्रीने घरी निरोप दिला आहे, चढावर या, साहेबांच्या घरी. वहिनी त्यांना घेईल ना? त्याच्या बायकोला उंबऱ्याशी ओशाळायला होईल, तेव्हा बादलीचा विषय काढू नका.

बादली मी अंगणात, उघड्यावर ठेवली आहे. सकाळी तळ झाकला होता, आता चार बोटं आहे. अजून पडतोय. मुख्य कचेरीने काहीही लेखी पाठवलं, तरी दरवाजे मिटू नकोस.

— फुटपट्टी